काकाजींची करंगळी

गिटार इतकी चांगली वाजवणारा माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल आणि बँजो इतका वाईट वाजवणाराही दुसरा नसेल. हे दोन्ही मान एकाच माणसाकडे आहेत आणि तो माणूस म्हणजे सावंगीतले माझे घरमालक. हे मी जरा भीतभीतच लिहिते आहे, कारण मला संगीतातलं फारसं कळत नाही. पण गेली दोन वर्षं मी त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहते आणि तो बँजो माझ्या दारापासून चार पावलांवर वाजतो. तेव्हा निदान दुसऱ्या विधानाबद्दल तरी माझ्याइतका अधिकार कुणाला नसावा. त्यांना सगळी गल्ली काकाजी म्हणते, मीही म्हणते. खोली बघायला मी बाबांसोबत कारंज्याकडच्या आमच्या गावाहून आले, तेव्हा घरमालक काय काय विचारतील त्याची उत्तरं मी एसटीत पाठ केली होती. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून तयारी जरा जास्तच होती. काकाजींनी त्यातलं काहीच विचारलं नाही. माझ्या डाव्या हाताकडे पाहून ते एवढंच म्हणाले, "लंबी आहेत बोटं. वाया चालले."

काकाजींनी तीस वर्षं लग्नांच्या आणि गणपतीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. डीजे आला म्हणून ऑर्केस्ट्रा बंद पडले असं सगळे म्हणतात. काकाजींचं मत वेगळं आहे. "डीजेनं नाई, बुफेनं. पंगतीत बसलेल्या माणसाले ऐकाच लागे, उठता येत नाई. आता तो प्लेट घेऊन पळून जाते." ऑर्केस्ट्रा गेला तरी त्यांचे कान अजून स्टेजवरच आहेत. फाटक करकरलं की ते 'ए मायनर' म्हणतात, आणि कुकरची तिसरी शिट्टी पहिल्या दोघींपेक्षा बेसूर आहे म्हणून त्यांनी एकदा शिट्टीच बदलून आणली होती. तार छेडायची पट्टी, ज्याला पिक म्हणतात, ती ते कधी विकत घेत नाहीत. आमच्या सावंगीत एवढं मोठं हॉस्पिटल असल्यामुळे घरोघरी कपाटावर जुने एक्स-रे पडलेले असतात. काकाजी ते मागून आणतात, दोन थर चिकटवून कातरतात आणि वापरतात. शेजारच्या आजोबांच्या गुडघ्याचा पिक त्यांच्या मते सगळ्यांत गोड आहे. "बरगडीचा जरा फाटका लागते," असं ते मला गंभीरपणे सांगतात आणि मी वहीत लिहून घेतल्यासारखी मान हलवते.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यासाठीच घडलं. काकू त्याच ऑर्केस्ट्रात गायच्या. केळझरला एका लग्नात गाण्याच्या मधोमध जनरेटर बंद पडला, माइक गेला, काकाजींची गिटार मुकी झाली, आणि स्टेजवर सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. काकू मात्र थांबल्या नाहीत. उरलेली दोन्ही कडवी त्यांनी माइकशिवाय, मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत ऐकू जातील अशी म्हटली. "वाजवणारा थांबला तरी गाणाऱ्यानं थांबाचं नसते," हा त्यांचा नियम होता. काकाजींनी त्याच आठवड्यात त्यांना मागणी घातली. ते म्हणतात, "म्हटलं, लाइन गेली तरी चालणारी बायको पायजे." पण मी राहायला येण्याच्या थोडं आधी काकूंच्या गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, काकू ठणठणीत बऱ्या झाल्या, फक्त आवाज परत आला तो वेगळाच. जाड, थोडा फाटलेला आणि बराच खाली उतरलेला. बोलायला काही अडचण नव्हती, काकाजींना रागवायला तर मुळीच नाही. गाणं तेवढं बंद झालं.

आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई, म्हणजे मातीची पार्वती, मांडतात आणि रोज संध्याकाळी घरोघर तिची गाणी म्हणतात. गल्लीतल्या मुलींना ही गाणी वर्षानुवर्षं काकूच सांगायच्या, एकेक ओळ त्या आधी म्हणत आणि मुली मागून. माझ्या पहिल्या वर्षी मुली बोलवायला आल्या, तेव्हा काकूंनी दारातूनच सांगितलं, "तुम्ही म्हणा, मी खिरापत करतो." मग मुलींनी मोबाइलवर गाणी लावली आणि त्याच्यासोबत टिपऱ्या वाजवल्या. काकाजींनी आतून गिटार आणली, दोन सूर छेडले, तर काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. नंतर त्या जे बोलल्या, ते मी तिथेच डबे पुसत होते म्हणून मला ऐकू आलं. "गिटार सुरू झाली का मले माझा जुना गळा ऐकू येते. मंग हा नवा बाहेरच नाई निघत." काकाजींनी गिटार खोळीत घातली आणि माळ्यावर ठेवली. तीस वर्षांत ती पहिल्यांदाच माळ्यावर गेली.

बँजो माझ्याच खोलीत खुंटीला टांगलेला होता. भजनी मंडळात बटणं दाबून वाजवतात तो हा बेंजो नव्हे. हा दिसायला लांब दांडीच्या डफासारखा, पुढून चामडं ताणलेलं, मागून उघडा. माझ्याआधी त्या खोलीत शिलाँगकडचा एक मेडिकलचा विद्यार्थी राहत होता. शिक्षण संपवून जाताना तो हे वाद्य आणि त्यासोबतचं एक पुस्तक काकाजींना भेट देऊन गेला. दुसऱ्या भादव्याच्या दीड-दोन महिने आधी एक दिवस काकाजी माझ्या दारात उभे राहिले आणि खुंटीकडे बघत म्हणाले, "बेटा, यानं तिचा जुना गळा कधी ऐकलाच नाई." त्यांचा बेत मला तेव्हा कळला. कोजागिरीपर्यंत बँजो शिकायचा, भुलाबाईपुढे वाजवायचा आणि काकूंना गायला लावायचं. काकूंना यातलं काही कळू द्यायचं नाही. जगातल्या सर्वांत कर्कश वाद्याचा गुपचूप सराव करायचा, हा विचार फक्त त्यांनाच सुचू शकतो.

पहिला दिवस मोठा आनंदाचा गेला. काकाजींनी डाव्या हाताचं एकही बोट न दाबता सगळ्या तारांवरून हात फिरवला, तर पूर्ण 'जी' कॉर्ड वाजली. बँजोच्या तारा मोकळ्या सोडल्या की जीच वाजतो, असं पुस्तकात होतं. काकाजी खूश झाले. "गिटारवाल्यासाठी हा बँजो म्हणजे सासुरवाडी आहे, बेटा. बसल्या जागी सारं भेटते. आठ दिवसांत घुमवतो." पुस्तक इंग्रजीत होतं. काकाजींचं इंग्रजी ए पासून जी पर्यंत, त्या सात अक्षरांतच मावतं, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. माझंही इंग्रजी काही फार चांगलं नाही. पण मला कळलं नाही हे मी कुणाला कळू देत नसे. काकाजींना अशी लाज नव्हती. "नाई समजलं, पुन्हा वाच," असं ते एका पानावर अकरा वेळा म्हणत, आणि अकराव्यांदा वाचताना बहुतेक वेळा मलाही समजत असे.

मग त्यांनी काकूंचा नवा सूर शोधायला घेतला. गायला तर सांगता येत नव्हतं. म्हणून चार दिवस ते मोबाइलवर सूर मोजायचं ॲप उघडून काकूंच्या मागे मागे फिरले. भाजीवाल्याशी घासाघीस करताना, देवापुढे पुटपुटताना, दूध उतू गेल्यावर. शेवटी त्यांनी निकाल दिला, "राग आला का पांढरी एक. पक्कं." पांढरी एक म्हणजे इंग्रजीतला 'सी'. आणि सीमध्ये गाणं वाजवायचं, तर 'एफ' कॉर्ड लागतेच लागते. इथे सगळी अडचण सुरू झाली.

मला जसं समजलं तसं सांगते. बँजोच्या लांब तारा चार. त्यातल्या तीन अगदी गिटारसारख्या मिळवलेल्या असतात आणि शेवटची मात्र दोन घरं, म्हणजे दांडीवरच्या दोन पट्ट्यांइतकी, खाली. म्हणजे घर आपलंच, पण स्वयंपाकघराच्या जागी मोरी. गिटारवर एफ धरताना अंगठ्याशेजारचं बोट शेवटच्या दोन तारांवर आडवं पाडायचं असतं. बँजोवर तेच बोट ताठ उभं ठेवावं लागतं आणि शेवटची तार गाठायला करंगळी दोन घरं पुढे न्यावी लागते. काकाजींच्या बोटाला तीस वर्षांची सवय. एफ म्हटलं की ते झोपायचंच. त्यातून निघायचा तो आवाज अगदीच वाईट नसायचा, पण लग्नघरात भलत्याच माणसाच्या पाया पडल्यासारखा वाटायचा. दांडीवर चाप लावला की हा एफ टाळता येतो, असं मी पुस्तकात शोधून त्यांना सांगितलं. ते दुखावले. म्हणाले, "तीस वर्षं स्टेजवर उभा राह्यलो, आता कुबडी घेऊ का?"

त्यानंतर काकाजींनी करंगळीचं शिक्षण सुरू केलं. डाव्या करंगळीने ते पाण्याची बादली उचलत. भाजीची पिशवी करंगळीला अडकवून आणत, फोन करंगळीने लावत, आणि स्कूटरचा हॉर्नही करंगळीनेच वाजवत, त्यामुळे हॉर्न वाजेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे. झोपाळू बोटासाठी त्यांनी डॉक्टर लोक घसा बघताना जीभ दाबायला वापरतात ती लाकडी पट्टी मिळवली आणि चिकटपट्टीने बोटाला बांधली, म्हणजे ते आडवं पडूच शकणार नाही. रस्त्यात भेटलेल्या एका डॉक्टर मुलाने काळजीने विचारलं, हाड मोडलं का? काकाजी म्हणाले, "नाई, वळण लावून राह्यलो." घरी मात्र पंचाईत झाली. जेवताना काकूंनी विचारलं, "बोटाले का झालं?"

"दारात सापडलं."

"कोणत्या?"

"फाटकाच्या."

"फाटक तर महिन्याभरापासून उघडंच पडलं आहे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी वाटीत आणखी वरण वाढलं.

सराव गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे चाले. आवाज दबावा म्हणून बँजोच्या पाठीत माझी जुनी ओढणी कोंबली होती. त्याचा उपयोग एवढाच, की बँजो आधी पत्र्यासारखा वाजायचा तो आता ओढणीत गुंडाळलेल्या पत्र्यासारखा वाजू लागला. सी येई, जी येई, मग गाण्याची दुसरी ओळ येई, आणि तिथे एफ लागला नाही की काकाजी थांबत. पुन्हा पहिल्यापासून. महिनाभर ते गाणं त्या ओळीच्या पुढे गेलं नाही. काकू मला विचारत, "वरती भांडे घासाले बाई लावली का तू?" मी खोटं बोलायला फार कच्ची आहे. "नाही काकू, अभ्यास करते," असं काहीतरी म्हणायची. काकू म्हणायच्या, "मोठा कठीण दिसते वं अभ्यास. एकाच जागी अटकून राह्यला."

त्यात भादव्याच्या ओल्या हवेने बँजोचं चामडं सादळलं. तार छेडली की ओल्या पापडावर टिचकी मारल्यासारखा आवाज यायचा. इथे मी नको ते शहाणपण केलं. माझे बाबा गावच्या दंडारीत, म्हणजे सोंगं-नाच-गाण्याच्या खेळात, डफ वाजवतात आणि वाजवण्याआधी तो जाळावर शेकून घेतात, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. ते मी बोलून गेले. काकाजींनी लगेच मला बाबांना फोन लावायला सांगितला. किती जवळ धरायचं, हा प्रश्न बाबांनी आधी मला दोनदा विचारायला लावला, कारण मला त्यांनी विज्ञान शिकायला पाठवलं होतं. मग म्हणाले, "आपल्या हाताले जितकं सोसते तितकंच जवळ. जास्त नाई." घमेल्यात पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ केला. काकाजींनी बाबांचं म्हणणं तंतोतंत पाळलं. चामड्याशेजारी आपल्या डाव्या हाताची बोटं धरली आणि सोसेना तेव्हा काढू म्हणून वाट बघत बसले. पण त्या बोटांच्या टोकांना तीस वर्षांचे घट्टे होते. त्यांना काही लागेचना. वास मला आधी आला. मी बँजो ओढून बाजूला केला, तोवर चामड्यावर पोळीच्या फोडाएवढा तपकिरी डाग पडला होता. खालून काकूंनी हाक दिली, "का जळून राह्यलं वरती?"

काकाजींनी वाकून उत्तर दिलं, "पोरीचा अभ्यास."

बँजो मात्र त्या दिवसापासून खणखणीत वाजायला लागला. बाबांना मी ते कळवलं. ते म्हणाले, कॉलेजात चांगलं शिकवतात.

कोजागिरी आली तरी एफ आला नव्हता. दहादा धरला तर दोनदा लागायचा आणि कोणते दोनदा ते आधी सांगता येत नसे. मी म्हटलं, काकाजी, पुढच्या वर्षी वाजवू. ते पट्टी सोडवत म्हणाले, "पुढच्या वर्षीपर्यंत तिले न गाण्याचीच सवय लागंल, बेटा. सवय कशी असते ते पाह्यलं ना तू?" आणि त्यांनी ते बोट माझ्यापुढे धरलं.

अंगणात ज्वारीच्या धांड्यांचा मांडव केला होता, पाटावर भुलाबाई होती, कोपऱ्यात शेगडीवर काकू दूध आटवत होत्या. काकाजींनी मुलींना मोबाइल आणायचा नाही असं बजावलं होतं. ते टॉवेलखाली झाकलेला बँजो घेऊन आले. काकूंनी बघितलं. "हे का घेऊन आले?"

"पाहुणा आहे," काकाजी म्हणाले. "पहिलाच आला आपल्याकडं."

काकू परत दुधाकडे वळल्या. काकाजींनी सुरुवात केली आणि मुली गायला लागल्या. सी लागला. जी लागला. दुसरी ओळ आली. मी काकाजींच्या हाताकडेच बघत होते. करंगळी निघाली, हवेत थांबली, आणि ते बोट आपल्या तीस वर्षांच्या जागी निवांत आडवं पडलं. भलताच सूर निघाला. काकाजी थांबले. मुलींना मोबाइलशिवाय पुढची ओळ नीट येत नव्हती, त्याही थांबल्या. एका लहानीची टिपरी उगाच एकदा वाजली. काकाजी मान खाली घालून आपल्या बोटाकडे बघत होते. त्यांचा तसा चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता.

आणि शेगडीकडून पुढची ओळ आली.

काकूंचा हात दूध हलवतच होता, नजरही दुधातच होती. आवाज जाड होता, वरच्या सुराला थोडा फाटला, मध्ये दम घ्यावा लागला. पण त्या थांबल्या नाहीत. मला वाटतं त्यांनी ठरवूनही काही केलं नसावं. वाजवणारा थांबला होता, म्हणून गाणारी थांबली नाही, एवढंच. एक ओळ झाली, दुसरी झाली, मग काकाजींनी हळूच सी धरला आणि मागून वाजवत गेले. मुलींनी टिपऱ्या उचलल्या. गाणं संपलं तेव्हा दूध खाली लागलं होतं.

"एफ नाई लागला," काकू म्हणाल्या.

"माहीत आहे," काकाजी म्हणाले. मग खिरापत ओळखायची वेळ झाली. काकाजी डबा कानाशी हलवून आतलं ओळखतात म्हणून त्यांना भाग घ्यायची बंदी आहे. त्या दिवशी कुणी अडवलं नाही, पण ते तीनदा चुकले. शेंगदाण्याच्या चिक्कीला ते मुरमुरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकू मला म्हणाल्या, "खालून सारंच ऐकू येते, पोरी. रोज त्या एका जागी अटकत, आणि रोज मले वाटे का पुढची ओळ म्हणून टाकावं आन् सोडवावं त्यायले." त्याच आठवड्यात मी वर्गात पहिल्यांदा हात वर केला आणि म्हणाले, सर, मला समजलं नाही. कुणी हसलं नाही. सरांनी पुन्हा सांगितलं. मला तरीही समजलं नाही, पण ते वेगळं.

आता रोज संध्याकाळी दोघं अंगणात बसतात. बँजो वाजतो, त्याच ओळीला एफ चुकतो, काकाजी थांबतात, काकू पुढे नेतात. माझं हे शेवटचं वर्ष आहे. परीक्षा झाली की खोली सोडायची आहे. गेल्या आठवड्यात तास लवकर सुटला म्हणून मी दुपारीच परतले. काकू बाजारात गेल्या होत्या. जिना चढताना वरून बँजो ऐकू आला आणि मी वरच्या पायरीवर थांबले. काकाजी टाकीमागे पाठमोरे बसले होते. बोटाला पट्टी नव्हती. सी, मग एफ, मग जी. स्वच्छ. पुन्हा एफ. पुन्हा. करंगळी आपल्या जागी अशी उभी राहत होती, जशी तिथेच वाढलेली. मी चार पायऱ्या खाली उतरले आणि चपला वाजवत पुन्हा वर आले. वाजणं बंद झालं. "आली का बेटा," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी दुसऱ्या ओळीला ते बोट पुन्हा आडवं पडलं. काकाजी थांबले. काकूंनी ओळ उचलली, शेवटपर्यंत नेली, आणि म्हणाल्या, "एफ काई तुमच्या नशिबात नाई."

"म्हातारं झालं बोट," काकाजी म्हणाले. "पडून राहते."

मी वहीत तोंड खुपसलं. बँजोसोबतचं ते पुस्तक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत किती वेळा वाचलं असेल. बोट रोज असं वेळेवर आडवं पाडायला किती सराव लागतो, ते त्यात कुठेच दिलेलं नाही.